जानेवारी ते ऑगस्ट

आपल्याकडे पगारदार माणसाचं प्राप्तिकराचं विवरणपत्र बहुधा दुसऱ्याच कुणीतरी भरलेलं असतं. आमच्या घरी ते काम सीए काकांकडे होतं. जून उजाडला की बाबा फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, एलआयसीच्या पावत्या असं सगळं एका पिशवीत घालून त्यांच्याकडे नेऊन द्यायचे. मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा माझाही फॉर्म १६ त्याच पिशवीतून जाऊ लागला. पुढे पिशवीची जागा ईमेलनं घेतली, पण काका तेच राहिले. फोनवर आलेला ओटीपी त्यांना कळवायचा, एवढाच त्या व्यवहारात माझा वाटा. यात वावगं काहीच नव्हतं. काकांना आमच्या घरातलं सगळं ठाऊक होतं. घराचं कर्ज कधी फिटलं, आत्याच्या आजारपणात कुणी किती पैसे दिले, आजोबांच्या पश्चात त्यांची मुदत ठेव कुणाच्या नावावर झाली, हे त्यांना विचारावं लागत नसे. ते आम्हाला ओळखत होते आणि त्या ओळखीवरच विवरणपत्र भरलं जात होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी श्टुटगार्टजवळ राहायला आले, आणि आपल्याला अजिबात न ओळखणाऱ्या देशात हे काम कसं करायचं असतं ते मला शिकावं लागलं. इथे प्रश्न विचारणारा कुणीतरी आपणच निवडायचा असतो. तो माणूस असेल, नाहीतर सॉफ्टवेअर. तो जे विचारेल तेवढंच आपण सांगणार, आणि तेवढंच सरकारला कळणार. म्हणून ही निवड मला घर शोधण्याइतकीच महत्त्वाची वाटते. लोक मात्र ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, फोनवर जाहिरात दिसली म्हणून करून टाकतात.

पत्त्याची नोंदणी झाली की काही दिवसांनी पोस्टानं एक साधं पत्र येतं. त्यात अकरा आकडी करक्रमांक असतो. तो जन्मभर बदलत नाही, घर बदललं तरी नाही आणि नोकरी बदलली तरी नाही. तो मिळाला की पगारातून कर कापला जाऊ लागतो आणि बराच काळ आणखी काही करावं लागत नाही. मार्चच्या सुमारास ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर विषय निघतो. आमच्या टेबलावर प्रत्येकाची रीत निराळी होती. साठीकडे झुकलेले एक सहकारी गेली अनेक वर्षं एकच विकतचं सॉफ्टवेअर वापरत आले आहेत. पूर्वी त्याची तबकडी जानेवारीत सुपरमार्केटात मिळायची, आता ते उतरवून घ्यावं लागतं. एक बाई पगारदारांच्या करसाहाय्य संघाच्या सभासद आहेत. उत्पन्नानुसार वर्षाची वर्गणी भरायची, कागद घेऊन जायचे आणि समोरच्या माणसाशी बोलायचं. तिसरा कशाला पैसे द्यायचे म्हणून सरकारी पोर्टलवर भरतो. टॅक्सफिक्स, वीझो श्टॉयर, श्टॉयरगो अशी सॉफ्टवेअरची नावं कानावर पडली. संध्याकाळी झिंडेलफिंगेनच्या मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, अॅप घे सरळ. इंग्रजीत आहे. अर्ध्या तासात होतं. मला अठराशे परत मिळाले."

अठराशे परत मिळाले, हे वाक्य इथल्या मराठी मंडळींच्या घरी जुलै जवळ आला की हमखास ऐकू येतं. त्यात आनंद असतो आणि तो खराच असतो. पण पहिल्या वर्षी परत मिळणारी रक्कम एवढी मोठी का दिसते, हे समजून घेतल्याशिवाय सॉफ्टवेअर निवडू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

ढोबळ हिशेब असा. समजा कुणी सप्टेंबर २०२४ मध्ये आलं आणि महिन्याला ४,००० युरो पगार मिळू लागला. कंपनी दरमहा कर कापते ती हा पगार बारा महिने चालणार असं धरून, म्हणजे वर्षाला ४८,००० युरो मिळवणाऱ्याच्या दरानं. एकट्या माणसाचा महिन्याचा कर पाचशे युरोंच्या पुढेमागे होतो, चार महिन्यांचा दोन हजारांच्या घरात. प्रत्यक्षात त्या माणसाला जर्मनीत त्या वर्षी मिळाले १६,००० युरो. आरोग्यविमा, निवृत्तिवेतन वगैरेचे हप्ते आणि नोकरीच्या खर्चापोटी सरसकट मिळणारी १,२३० युरोंची वजावट काढली की करपात्र उरतात सुमारे १२,०००. आणि २०२४ साली पहिल्या ११,७८४ युरोंवर कर नव्हताच. म्हणजे कर तीसेक युरोंचा. कापलेले दोन हजार जवळजवळ सगळे परत! अॅपच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत हाच आकडा झळकतो.

पण हा माणूस जानेवारी ते ऑगस्ट काय करत होता? पुण्यात, नाशिकला, कोल्हापुरात नोकरी करत होता. त्या आठ महिन्यांत त्यानं आठ लाख रुपये मिळवले असतील, तर ते झाले सुमारे ९,००० युरो. जर्मन सरकार या ९,००० वर कर लावत नाही. ते मिळवताना तो इथे राहतच नव्हता. मात्र इथल्या १२,००० वर कराचा दर कुठला लावायचा, हे ठरवताना ते दोन्ही आकडे एकत्र धरतं. २१,००० वर जो सरासरी दर पडतो, साधारण साडेनऊ टक्के, तो १२,००० ला लावायचा. म्हणजे कर तीस युरोंवरून अकराशेच्या वर जातो आणि परतावा दोन हजारांवरून नऊशेच्या आसपास येतो. कायद्यातली ही तरतूद जुनी आहे, आणि मला ती अन्यायाची वाटत नाही. वर्षभर कमावणाऱ्यानं वर्षभर कमावणाऱ्याचा दर भरावा, इतकंच ती म्हणते. शिवाय असं बाहेरचं उत्पन्न ४१० युरोंपेक्षा जास्त असेल, तर विवरणपत्र भरणं ऐच्छिक राहत नाही, सक्तीचं होतं. नुसत्या पगारावर असलेल्या बऱ्याच जणांना ते भरण्याची सक्ती नसते आणि भरायचं झालं तर चार वर्षांची मुदत असते. ही गोष्ट ऐकून नवखी माणसं निवांत राहतात. आल्या वर्षी ती सवलत बहुतेकांना लागू नसते, कारण वर्षाचा पहिला भाग त्यांनी दुसऱ्या देशात कमावण्यातच घालवलेला असतो.

आता सॉफ्टवेअरकडे पाहा. मी एकामागून एक तीन सॉफ्टवेअर उघडून पाहिली. यातली बहुतेक सगळी माहिती भरेपर्यंत फुकट असतात, पैसे मागतात ते पाठवायच्या वेळी. त्यामुळे पारखून घ्यायला पुरेसा वाव मिळतो. एकानं नाव, पत्ता, करक्रमांक, कंपनी, घर ते ऑफिस अंतर, घरून काम केल्याचे दिवस असं भराभर विचारलं. अंतराचा प्रश्न इथे फार आवडीचा आहे. कामावर जाण्यायेण्यापोटी त्या वर्षी किलोमीटरमागे ३० सेंट आणि एकविसाव्या किलोमीटरपासून ३८ सेंट वजावट होती. घरून काम केलेल्या दिवसाला ६ युरो. हे सगळं त्यानं छान समजावलं आणि मग आकडा दाखवला. मी जर्मनीत कधी आले, हे त्यानं विचारलंच नाही. दुसऱ्यानं विचारलं, वर्षभर जर्मनीत होता का? नाही म्हटल्यावर त्यानं तुमच्यासारख्यांसाठी आमची सेवा नाही, असं सभ्य भाषेत सांगून टाकलं. मला हे दुसरं सॉफ्टवेअर आवडलं. आपल्याला जमत नाही ते सांगणारा माणूस विश्वासाचा असतो. तिसऱ्यानं तारीख विचारली, त्याआधीच्या महिन्यांचं उत्पन्न विचारलं, कुठल्या देशात मिळालं ते विचारलं, आणि ते का विचारतो आहे हेही बाजूला लिहून ठेवलं होतं.

शेवटी मी विवरणपत्र भरलं ते मात्र एल्स्टरवर. हे केंद्र आणि राज्यांच्या करखात्यांनी मिळून चालवलेलं सरकारी पोर्टल. त्यामागची यंत्रणा १९९९ पासूनची. त्याला पैसे पडत नाहीत, आणि विकतची सॉफ्टवेअरही शेवटी माहिती पाठवतात ती याच यंत्रणेतून. नोंदणीला धीर लागतो. एक क्रमांक ईमेलनं येतो आणि दुसरा पोस्टानं, बंद पाकिटातून. दोन्ही जुळले की एक प्रमाणपत्राची फाइल मिळते, ती आपल्या संगणकावर जपून ठेवायची. मागाहून प्रत्येक वेळी त्या फाइलीनं आणि पासवर्डनं दार उघडायचं. पत्र यायला आठवडा-दोन आठवडे जातात, तेव्हा हे काम ऐन मुदतीला काढू नये.

आत शिरलं की पोर्टल आपल्याविषयी सरकारला आधीच ठाऊक असलेली माहिती आणून ओततं. पगार, कापलेला कर, विम्याचे हप्ते सगळं भरलेलं मिळतं. मी पगाराचा वार्षिक दाखला उघडला. त्याची पहिलीच ओळ कालावधीची होती: ०१.०९ ते ३१.१२. खाली सेंटपर्यंत अचूक आकडे. हा देश मला एक सप्टेंबरपासून ओळखत होता आणि त्या दिवसापासून फार नीट ओळखत होता. त्याआधीची मी त्याच्या लेखी कुठेच नव्हते. ते मला वाईट वाटलं असं नाही, पण तो कागद मी बराच वेळ पाहत राहिले. चौतीस वर्षांचं आयुष्य ज्याच्या बाहेर आहे असा तो माझा पहिला कागद होता.

एल्स्टरमध्ये परिशिष्टांची लांबलचक यादी असते. पगाराचं वेगळं, विम्याच्या हप्त्यांचं वेगळं, व्याज-लाभांशाचं वेगळं, मुलांचं वेगळं. आपल्याला लागू पडतील ती आपणच निवडून जोडायची. त्यातच परदेशाशी संबंध असलेल्यांसाठी एक छोटं परिशिष्ट आहे. जर्मनीत वास्तव्य कधीपासून कधीपर्यंत आणि त्या काळाबाहेर मिळालेलं परदेशी उत्पन्न किती, एवढंच त्यात प्रामुख्यानं विचारलेलं असतं. दोन-तीन ओळींचा मजकूर. माझ्या मते नवख्या माणसाच्या सगळ्या विवरणपत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच. कारण तुम्ही आलात त्या वर्षाचे दोन तुकडे एका बेरजेत येतात ते फक्त तिथे. व्हिसाच्या कागदांत भारतातलं शिक्षण असतं, पगार नसतो. बँकेला इथला पगार कळतो, तिथला नाही. घरमालकाला तर शेवटच्या तीन महिन्यांच्या पावत्यांपलीकडे काही नको असतं. तुमचं जानेवारी ते ऑगस्ट जर्मन सरकार विचारतं ते या परिशिष्टात, आणि तेही तुम्ही ते स्वतः उघडलंत तरच.

ते भरायला मी पुण्याच्या पगाराच्या पावत्या काढल्या. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे एक फॉर्म १६ पुरत नाही. जानेवारी ते मार्च एका आर्थिक वर्षात जातात आणि एप्रिलपासूनचे दुसऱ्या. दोन्ही फॉर्म १६ वार्षिक बेरजेचे, म्हणून महिन्याच्या पावत्याच हव्यात. एकेक पीडीएफ उघडत गेले. मूळ वेतन, घरभाडे भत्ता, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी. व्यवसाय कर दर महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीच्या पावतीत तीनशे. महाराष्ट्रात नोकरी केलेल्या माणसाला हे तीनशे रुपये ओळखीचे असतात. वर्षाचे अडीच हजार पुरे व्हावेत म्हणून फेब्रुवारीत शंभर जास्त कापतात. पुण्यात असताना ती ओळ मी नीट पाहिलीच नव्हती. मग रुपयांचे युरो केले. आठ महिने घड्याळाला बांधून केलेलं काम, दोनदा उशिरापर्यंत थांबून संपवलेला प्रकल्प, निरोपाच्या आठवड्यातली धावपळ, सगळं चार आकडी युरोंत आलं. आकडा लहान दिसतो. तो लहान दिसला म्हणून भरायचा राहू नये, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. पुष्कळ जण 'तिकडचा पगार इथल्या मानानं कितीसा' असं म्हणून तो सोडून देतात. कायदा त्याला कितीसा म्हणत नाही.

व्याजाचंही असंच. अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्यातल्या ठेवींचं व्याज भारतात करमुक्त आहे, तेव्हा ते कुठेच दाखवायला नको, असा समज सर्रास आढळतो. इथे राहायला आल्यावर मात्र माणसाचं जगभरचं उत्पन्न जर्मनीत मोजलं जातं. भारतातल्या ठेवींचं व्याज व्याजाच्या परिशिष्टात दाखवावं लागतं. एकट्या माणसाला वर्षाला १,००० युरोंपर्यंत सूट आहे, तिच्यात ते बसलं तर कर लागत नाही. पण बसतं की नाही हे दाखवल्यावरच ठरतं. माझ्या पारखीत हीही एक कसोटी होती: इथल्या बँकेखेरीज दुसऱ्या देशात खातं आहे का, असं सॉफ्टवेअर विचारतं का?

एक प्रश्न सगळ्यांनीच विचारला. धर्म कोणता. इथे ठरावीक चर्चचे सभासद असलेल्यांकडून सरकार त्या चर्चसाठी कर गोळा करतं, प्राप्तिकराच्या नऊ टक्के, बवेरिया आणि आमच्या बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये आठ टक्के. यादीतले पर्याय त्या करापुरतेच असतात. आपण निवडायचा तो चर्चकर लागू नसल्याचा पर्याय. माझ्या ओळखीच्या एका नव्या जोडप्याला हा प्रश्न फार खटकला होता. मला तो खटकला नाही. सरकारला तुमचं देवघर पाहायचं नसतं, फक्त पैसे कुणाकडे वळते करायचे ते विचारायचं असतं. पत्त्याच्या नोंदणीच्या दिवशी हीच माहिती नीट लिहून घेतली की पुढे त्रास होत नाही.

आईवडिलांचा प्रश्न मात्र खोल गेला. जर्मन कायद्यात गरजू आईवडिलांना दिलेली आर्थिक मदत वजावटीस पात्र आहे, मग ते परदेशात राहत असले तरी. हे वाचलं तेव्हा मला या देशाविषयी एकदम आपुलकी वाटली. आपल्याकडे घरी पैसे पाठवणं हे ज्याचं त्यानं करायचं कर्तव्य, त्याचा करखात्याशी संबंध असेल असं मनातही येत नाही. इथे ते कायद्यात आहे आणि त्याला स्वतंत्र परिशिष्ट आहे. मर्यादा त्या त्या देशाच्या राहणीमानानुसार कमी होते. भारतासाठी ती एक चतुर्थांश, म्हणजे २०२४ साठी प्रत्येक व्यक्तीमागे २,९४६ युरो. आईवडिलांचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक रकमेपलीकडे गेलं की ते यातून वजा होतं. मी बाबांना फोन केला.

"बाबा, पेन्शनचा वर्षाचा आकडा सांगाल का जरा?"

"का गं? तिकडच्या सरकारला माझ्या पेन्शनशी काय करायचंय?"

मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी गरजू आहे का, असं विचारतायत."

"हो, तसंच."

"नाही म्हणून कळव. मास्तरांची पेन्शन पुरते आम्हा दोघांना. तू पाठवतेस ते तुझ्या आनंदाखातर."

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्यांच्या पेन्शनचे युरो केले तेव्हा ते मर्यादेच्या बरेच पुढे गेले, म्हणजे वजावट शून्य. मी ते परिशिष्ट जोडलं नाही. पण मला हे दोनदा लिहावंसं वाटतं की ज्यांच्या घरी पेन्शन नाही, ज्यांचे आईवडील कोरडवाहू शेतीवर किंवा मोलमजुरीवर राहिले आहेत, त्यांनी हे परिशिष्ट उघडायलाच हवं. त्यासाठी आईवडिलांच्या उत्पन्नाचं आणि गरजेचं निवेदन ठरावीक नमुन्यात भरून तिथल्या अधिकाऱ्याकडून त्यावर शिक्का आणावा लागतो. ते पासष्टच्या आतले असतील तर काम का करू शकत नाहीत हेही सांगावं लागतं. २०२५ पासून पैसे बँकेतूनच पाठवलेले लागतात, सुट्टीत जाताना हातात नेऊन दिलेले चालत नाहीत. तहसीलच्या एक-दोन खेपा होतात, हे खरं. तरी जे हक्काचं आहे ते सोडू नये. मी पाहिलेल्या सॉफ्टवेअरपैकी एकानं घरच्यांना मदत करता का, असं विचारलं होतं, पण मदत परदेशात जाते म्हणताच तो भाग बंद झाला. या एका कारणासाठी मी ते बाजूला ठेवलं, माझी वजावट शून्य असूनही.

इंग्रजीचा मुद्दा राहिला. बहुतेक नवे लोक सॉफ्टवेअर निवडतात ते इंग्रजीत आहे म्हणून, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. सरकारी पोर्टल जर्मनमध्येच आहे, आणि त्यातली भाषा दुकानात किंवा क्लासमध्ये शिकलेल्या जर्मनहून बरीच जड आहे. मी प्रत्येक ओळ शब्दकोश घेऊन वाचली. त्याचा फायदा नंतर कळला. करखात्याचा निर्णय येतो तो जर्मनमध्ये, कित्येक पानांचा, शेवटी बारीक अक्षरांतल्या खुलाशांसह. कुठली रक्कम का मानली आणि कुठली का नाकारली ते तिथे लिहिलेलं असतं. पटलं नाही तर एका महिन्यात हरकत घ्यावी लागते आणि खात्याची भाषा जर्मनच. इंग्रजीतून भरलेल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा ते शब्द भेटतात, आणि तेव्हा घड्याळ चालू झालेलं असतं. इंग्रजी सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर खुशाल घ्यावं, पण पाठवण्यापूर्वी त्यानं तयार केलेला जर्मन मसुदा उतरवून घेऊन प्रत्येक ओळीसमोर आपल्या भाषेत अर्थ लिहून ठेवावा. सही आपली असते. यंत्रानं विचारलं नव्हतं, हे कारण कुठलंही करखातं ऐकून घेत नाही.

भारतातलं विवरणपत्रही त्या वर्षी भरावंच लागतं. एप्रिलपासून निघेपर्यंतचे दिवस १८२ पेक्षा कमी असतील तर नोकरीसाठी बाहेर गेलेला भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षासाठी अनिवासी ठरतो आणि अनिवासी माणसाला नेहमीचा सोपा आयटीआर-१ चालत नाही. सीए काकांना मी माझ्या जाण्याची तारीख कळवली. त्यांनी लगेच विचारलं, "तिकडे इकडचा पगार दाखवणार आहेस ना?" इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला बहुधा हा पहिलाच प्रश्न, आणि नेमका तोच विचारायला हवा होता.

हे सगळं मी इतकं तपशिलानं लिहिते आहे त्याला कारण आहे. श्टुटगार्ट आणि मुंबई ही शहरं १९६८ पासून भगिनी शहरं म्हणून एकमेकांशी जोडलेली आहेत, आणि पुण्याहून इथे येणाऱ्या अभियंत्यांना सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. पण २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्या वाटेनं येतील त्या परिचारिका असतील, वीजतंत्री असतील, वाहनचालक असतील. कुणी बीडहून, कुणी गडचिरोलीहून. त्यांच्या कंपनीत कर समजावणारा विभाग नसेल, कदाचित जेवणाच्या टेबलावर भारतीयही नसेल. आल्या वर्षी त्यांच्या फोनवर हिरवा आकडा दाखवणारी जाहिरात मात्र नक्की येईल. ते दोन हजार युरो घरी पाठवून झाले असतील, आणि मागाहून करखात्यानं भारतातला पगार विचारला तर ते परत कुठून आणायचे? ज्यांना वर्ष-दोन वर्षं होऊन गेली आहेत अशा मराठी मंडळींनी दरसाल एका रविवारी नव्यांना एकत्र बसवून एवढं दाखवायला हरकत नाही. कुणाचं विवरणपत्र भरून देऊ नये. कोणते प्रश्न यायला हवेत, तेवढे सांगावेत.

आणि तुम्ही यंदाच आला असाल तर दोन कामं आजच करा. भारतातल्या जानेवारीपासून निघेपर्यंतच्या सगळ्या पगाराच्या पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण जुन्या कंपनीचं पोर्टल काही महिन्यांनी तुमच्यासाठी बंद होऊ शकतं. मग जे सॉफ्टवेअर घ्यायचं मनात आहे ते फुकट उघडा, आलात ती तारीख टाका आणि पुढे ते काय विचारतं ते पाहा. त्याआधीच्या महिन्यांबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही, तर ते कितीही सोपं, स्वस्त आणि इंग्रजीत असलं तरी या वर्षापुरतं घेऊ नका.